सावकाराची वही आणि आपला कागद

माकणीच्या आमच्या वस्तीत 'कागद करून दिला' असे कोणी म्हटले की जमीन गेली असे समजायचे. विकली असे कोणी म्हणत नाही, कारण देणाऱ्याच्या मनात विक्री नसते. गहाण टाकली असेही म्हणता येत नाही, कारण रजिस्टर कचेरीत जो दस्त होतो त्यावर गहाण हा शब्द कुठेही नसतो. माझ्या चुलत्यांनी एप्रिल २००९ मध्ये असा कागद करून दिला. त्यांचे नाव लावता येत होते, म्हणजे ते अंगठेबहाद्दर नव्हते. पण दस्तात काय लिहिले आहे हे त्यांना कोणी वाचून दाखवले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. काकूचे ऑपरेशन सोलापूरला ठरले होते. पैसे दुसऱ्या दिवशी हवे होते.

जमीन एक एकर दहा गुंठे. आमच्या आजोबांनी आधी सालगडी राहून आणि मग ऊसतोडीला जाऊन घेतलेली. कर्ज चाळीस हजार, व्याज शेकडा तीन, म्हणजे महिन्याला बाराशे. पहिल्या तीन महिन्यांचे व्याज तिथेच कापून घेतले आणि हातात छत्तीस हजार चारशे पडले. दस्तात मात्र रक्कम पंच्याण्णव हजार, 'रोख पोच, तक्रार नाही' अशी. सरकारी दराने जमिनीची जी किंमत निघते तिच्यावर मुद्रांक शुल्क बसते, म्हणून आकडा त्या मापाने भरलेला. त्याच वर्षी शेजारच्या एकराचा सौदा सव्वादोन लाखांना झाला होता. तोंडी बोली अशी की पैसे फिटले की जमीन माघारी. चुलते जमीन कसत राहिले, दिवाळीला सोयाबीन निघाले की आणि पाडव्याला तूर-हरभरा निघाला की व्याज पोचवत राहिले. सातबाऱ्यावर मात्र सावकाराचे नाव लागले. २०१९ च्या उन्हाळ्यात निरोप आला की यंदा पेरू नका. चुलते विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळाले, "कागदावर तर खरेदी आहे."

या एका वाक्यात सावकारीचे सगळे शास्त्र आहे. आपल्या कार्यकर्त्यांना व्याजाचा दर पाठ असतो, पण कागदाचे प्रकार माहीत नसतात, आणि लढाई बहुतेक वेळा कागदावर हरली जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे प्रकार सांगितले आहेत. जमीन कुळाच्या ताब्यात राहते आणि ती केवळ तारण असते, ते नजरगहाण. ताबा सावकाराकडे जातो आणि तो पीक खातो, ते कबजेगहाण. तिसरा प्रकार शर्तीच्या खरेदीचा : दिसायला विक्री, पण पैसे परत केले की जमीन परत, अशी अट. १९२९ च्या दुरुस्तीने ही अट त्याच दस्तात लिहिलेली असली पाहिजे असे ठरले. वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली किंवा चार माणसांसमोर बोलली, तर ते गहाण धरले जात नाही. गहाण असेल तर ते सोडवण्याचा हक्क तीस वर्षे राहतो, आणि 'मुदतीत पैसे दिले नाहीत तर हक्क बुडाला' असे लिहून घेतले तरी तो बुडत नाही. सावकाराला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच तो गहाणखताच्या वाटेला जात नाही. तो खुषखरेदी लिहून घेतो. त्या दस्तात अट नाही, मुदत नाही, व्याज नाही, कर्जच नाही. 'खुष' हा शब्द या दस्ताला कोणी चिकटवला असेल ते असो, त्यात खूष एकच माणूस असतो.

सावकारी हा धंदा पैशाचा म्हणून ओळखला जातो. माझ्या मते तो लिहिण्याचा धंदा आहे. पैसे दोघांच्या हातून जातात-येतात, लेखणी मात्र एकाच्याच हातात असते. ज्यांना अक्षराची बंदी होती त्यांच्यावर या धंद्याचा भार सर्वांत जास्त पडला यात योगायोग नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर वर्णावार दिलेले आहेत : ब्राह्मणाकडून महिन्याला शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्याकडून सर्वांत जास्त. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जाळला तो केवळ पाणवठ्याचा आणि देवळाचा ग्रंथ नव्हता, त्यात कर्जाचे दरपत्रकही होते. आणि अस्पृश्य तर या चार आकड्यांच्याही बाहेरचे. आमच्या मराठवाड्यात निजामी अमदानीत सरकारी दप्तर उर्दूत, सावकाराची चोपडी मोडीत, आणि ज्याच्या नावाने दोन्हीकडे आकडे चढत होते त्याला दोन्ही लिप्या सारख्याच परक्या. त्याच्याकडे तारण ठेवायला जमीन नसे, म्हणून तो स्वतःच तारण राही. सालगड्याची उचल आणि त्याचे साल यांचा हिशेब मालकाच्या वहीत असे. साल संपे, पण उचल संपत नसे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांनी मुख्यतः मागितले ते रोखे, खतपत्रे आणि हुकूमनामे, आणि ते हाती आले की जाळले. पुढे हे लोण नगर जिल्ह्यातही पोचले. इंग्रज अधिकाऱ्यांना प्रश्न पडला की हे लोक धान्य लुटण्यापेक्षा कागदाच्या मागे का लागले. आपल्याला तो प्रश्न पडू नये. या दंग्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी त्यात एक नवी गोष्ट होती. शेतकऱ्याचा रोखा गाव-निबंधकासमोर व्हावा, त्याला दिलेल्या पैशाची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मिळावा, हवे तर पासबुक मिळावे, आणि न्यायालयाने रोख्यातला आकडा खरा न मानता मागचा सगळा व्यवहार उकरून पाहावा. कर्ज देणाऱ्याने लिहावे, आणि लिहिलेले घेणाऱ्याच्या हातात द्यावे, हे तत्त्व आपल्याकडे कायद्यात असे आले. ते दंग्याच्या दबावाने आले हेही विसरता कामा नये.

पण आम्हांला त्याचा उपयोग शून्य. सोलापूर माकणीला बाजारहाटाच्या, दवाखान्याच्या अंतरावर, पण कायद्याच्या हिशेबाने ते दुसरे राज्य. हैदराबाद संस्थानात सावकारांचा कायदा झाला तो १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० च्या सुमारास. तिकडे मुंबई इलाख्यात १९४६ चा सावकारी कायदा झाला, आणि मराठवाडा राज्यात आल्यावर पुढे तोच आमचाही झाला. परवाना, रोजकीर्द, खतावणी, पावती, वार्षिक उतारा हे सर्व त्या कायद्यात होते. आमच्या वस्तीत हे सर्व पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

१९७५ चा महाराष्ट्र कर्जमुक्ती कायदा याहून पुढे गेला. २२ ऑगस्ट १९७५ या दिवशी अत्यल्प भूधारक, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि ठराविक उत्पन्नाखालचे कामगार यांच्यावर असलेले सावकारी कर्ज त्याने रद्द केले आणि गहाण वस्तू परत करायला सांगितले. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ साली फत्तेचंद हिम्मतलाल प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने कायदा उचलून धरला. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा आला आणि कर्जापोटी राबण्याचे बंधन रद्द झाले. हे दोन्ही कायदे आणीबाणीत आले म्हणून आपल्यातले काही जण त्यांना नाके मुरडतात. मला ते पटत नाही. त्यांची अडचण निराळी होती. कर्ज रद्द झाले हे सिद्ध करायला आधी कर्ज होते हे सिद्ध करावे लागते, आणि ज्याचे कर्ज खुषखरेदीच्या पोटात दडलेले, त्याच्याजवळ रद्द करण्यासारखे काही नव्हतेच.

हा दरवाजा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याने प्रथम नीट उघडला. १९४६ चा कायदा जाऊन हा आला. त्यातल्या नोंदींच्या तरतुदी कंटाळा न करता समजून घ्याव्यात. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना देणारे खाते सहकाराचे : तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक. परवाना ठरावीक क्षेत्रापुरता असतो. परवानाधारकाने रोजकीर्द आणि खतावणी ठरलेल्या नमुन्यात ठेवायची. कर्ज दिल्यापासून सात दिवसांत ऋणकोला निवेदन द्यायचे, त्यात रक्कम, तारीख, मुदत, तारण, व्याजाचा दर आणि दोघांची नावे-पत्ते स्पष्ट लिहायचे. पैसे घेतले की तिथल्या तिथे सहीची पावती द्यायची. वर्षाकाठी खात्याचा उतारा द्यायचा. कर्ज फिटले की ऋणकोने सही केलेल्या प्रत्येक कागदावर 'फिटले' किंवा 'रद्द' असे न पुसणाऱ्या शाईने लिहायचे, गहाण सोडून द्यायचे, तारण परत करायचे. खरी रक्कम न लिहिलेला किंवा जागा कोऱ्या ठेवलेला कागद घ्यायचाच नाही. ज्या सावकाराने हिशेब असे ठेवले नाहीत तो न्यायालयात गेला, तर न्यायालय त्याचे व्याज अंशतः किंवा पूर्ण नाकारू शकते, खर्चही नाकारू शकते. आणि परवानाच नसेल तर त्याचा दावा मंजूर होत नाही.

यात एक तरतूद अशी आहे की ती मी वस्तीत प्रत्येक वेळी मोठ्याने सांगतो. सावकाराने पाठवलेला हिशेब बरोबर आहे की चूक, हे कबूल करण्याचे बंधन ऋणकोवर नाही, आणि तो गप्प राहिला म्हणून हिशेब मान्य केला असे होत नाही. आपल्या माणसाच्या मौनाचा अर्थ आजवर नेहमी होकार असाच लावला गेला. इथे तरी कायद्याने तो तसा लावू दिलेला नाही.

व्याजाचे दर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठरले : शेतकऱ्याला तारणावर वर्षाला शेकडा नऊ, बिनतारणी बारा, आणि इतर कर्जांना पंधरा आणि अठरा. चक्रवाढ नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. हा जुना दामदुपटीचा नियम. आमच्या चुलत्यांच्या शेकडा तीनमध्ये 'महिन्याला' हा शब्द बोलायचा राहून जातो, म्हणून तो आकडा लहान वाटतो. वर्षाचे छत्तीस होतात. कायद्याच्या दराने चाळीस हजारांचे वर्षाचे व्याज ३,६०० रुपये, आणि ते देत होते १४,४००.

कागद नसण्याची किंमत किती, याचे एक सरकारी उदाहरण आहे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडील कर्ज माफ करण्याचा निर्णय घेतला. रक्कम सुमारे १७१ कोटी. आमच्याकडे पेढे वाटायची वेळ आली होती. मग कळले की परवानाधारकाचे, त्याच्या वहीत असलेले आणि त्याच्या परवान्याच्या क्षेत्रातले कर्ज तेवढेच माफ. सावकाराने क्षेत्राबाहेर कर्ज दिले ही चूक सावकाराची, आणि माफीला मुकला शेतकरी. बिगरपरवाना सावकाराकडे गेलेल्यांचा तर प्रश्नच नव्हता. आमच्या गल्लीतल्या एकाही घराला त्या माफीतला रुपया मिळाला नाही. शासनाच्या वहीत आम्ही कर्जदारच नव्हतो.

आता त्या कायद्याच्या अठराव्या कलमाकडे येतो, कारण जमीन परत मिळते ती याच्या जोरावर. सावकाराच्या ताब्यात विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल किंवा अन्य मार्गाने गेलेली स्थावर मालमत्ता ही मुळात कर्जाचे तारण होती असे मानायला जागा असेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करू शकतो. मालमत्ता गेल्याला अर्जाच्या दिवशी पंधरा वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा. दोन्ही बाजूंचे ऐकून, खात्री पटली तर, तो खरेदीखत अवैध ठरवून जमीन ऋणकोला किंवा त्याच्या वारसांना परत देण्याचा आदेश काढतो. त्यावर विभागीय सहनिबंधकाकडे अपील आहे. म्हणजे दस्तावर काय लिहिले आहे याच्या पलीकडे जाऊन खरे काय घडले हे पाहण्याचा अधिकार १८७९ नंतर पुन्हा एकदा, आणि या खेपेस आमच्यासाठीही, लिहिला गेला.

अर्ज करणे सोपे, सिद्ध करणे अवघड. चुलत्यांचा अर्ज मी लिहिला, जुलै २०१९ मध्ये. आमचा पहिला भरवसा सातबाऱ्यातल्या पीकपाहणीवर होता, कारण जमीन तर चुलतेच कसत होते. उतारा काढला तर दहाही वर्षे सावकाराचे नाव आणि पुढे 'खुद्द'. पीकविमा आणि अतिवृष्टीचे अनुदानही त्याच्याच खात्यावर गेलेले. घाम आमचा, नोंद त्याची. मग घरातले पत्र्याचे डबे उपसले. खताच्या दुकानाच्या पावत्या निघाल्या, चुलत्यांच्या नावाच्या. आडत्याच्या पट्ट्या निघाल्या, तुरीच्या आणि सोयाबीनच्या. आणि निघाली एक शाळेची वही. माझी चुलतबहीण तेव्हा सहावीत होती. वडील व्याज देऊन आले की ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख आणि रक्कम लिहून ठेवायची. कोणी सांगितले नव्हते. २०१० पासूनच्या त्या नोंदींची बेरीज ९३,६०० रुपये झाली. मुद्दलाच्या वर जेवढे व्याज कायद्याने घेताच येत नाही, त्याहून ५३,६०० जास्त.

एकटी ती वही पुरली नसती, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. घरात लिहिलेली वही हा दुबळा पुरावा. पण तिच्यातल्या तारखा आडतपट्ट्यांच्या तारखांशी जुळत गेल्या : तूर विकली की दोन-तीन दिवसांत व्याजाची नोंद. बांधाला लागून असलेल्या तीन शेतकऱ्यांनी जबाब दिले, त्यांतले दोन सवर्ण समाजाचे, हेही नमूद केले पाहिजे. शेजारच्या सौद्याचा दस्त काढून किमतीतली तफावत दाखवली. झडतीत सावकाराकडे कोरे सहीचे स्टँप, धनादेश आणि आजूबाजूच्या गावांतल्या लहान लहान तुकड्यांची खरेदीखते सापडली. परवाना नव्हता. पंच्याण्णव हजार रोख कुठून काढले याला उत्तर नव्हते. त्याच्याकडे वही मागितली तेव्हा तो म्हणाला, "मी सावकारच नाही, तर वही कशाला ठेवू?" आयुष्यभर वहीच्या जोरावर जगलेल्या माणसाला वही नाही असे सांगावे लागले. आदेश २०२१ मध्ये झाला. खरेदीखत अवैध. सातबारा फिरायला आणखी आठ महिने गेले.

दोन गोष्टी जाता जाता. जमीन इनामी असेल, वाटपाची असेल, भोगवटादार वर्ग दोन असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय झालेले हस्तांतर मुळातच टिकत नाही, म्हणून पहिल्यांदा सातबाऱ्याचा तो रकाना पाहावा. आणि अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण प्रत्येक सावकारी प्रकरणात ते कलम लावण्याची घाई करू नये. पुरावा नसताना लावले तर मूळ प्रकरणही पातळ होते.

बँका, पतसंस्था, फायनान्स कंपन्या या सावकारी कायद्याच्या बाहेर. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे किंवा सहकार खात्याचे नियम. आमच्या वस्तीतल्या बायका आता सावकारापेक्षा गटाच्या हप्त्यांत जास्त अडकल्या आहेत. त्यांच्यासाठी २०२२ चे नियम आहेत : वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेले सूक्ष्म कर्ज बिनतारणी असले पाहिजे, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून वर जाता कामा नयेत, आणि दर व खर्च दाखवणारे पत्रक व कर्जकार्ड तिला समजणाऱ्या भाषेत दिले पाहिजे. घर-जमीन तारण ठेवणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२३ पासून असे आहे की कर्ज पुरते फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. ऊसतोडीच्या मुकादमाची वही मात्र यांतल्या कोणत्याच कायद्यात धड बसत नाही, आणि आमच्या भागात आज सर्वांत जाड वही तीच आहे. तिच्यावर वेगळे लिहावे लागेल.

चुलत्यांचा निकाल ऐकून वस्तीतले आणखी तिघे आले. दोघांचे अर्ज दाखल झाले. तिसऱ्याचे खरेदीखत फेब्रुवारी २००४ चे. आमचा अर्ज गेला त्या जुलैत त्याला पंधरा वर्षे पुरी होऊन पाच महिने झाले होते, आणि तो आला त्याच्याही दोन वर्षांनंतर. अठराव्या कलमाची वाट त्याला बंद. उरले दिवाणी न्यायालय. नोंदणीकृत दस्ताच्या शर्तींविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. पण दस्त नुसता दिखाऊ होता, तो अमलात आणायचा दोघांचाही इरादा नव्हता, हे तोंडी पुराव्याने दाखवता येते असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गंगाबाई विरुद्ध छबुबाई या प्रकरणात म्हटले आहे. वकिलाने विचारले, व्याज दिल्याचे काही लिहिलेले आहे का. त्याने सांगितले, लिहिलेले नाही, पण बायकोच्या तोंडपाठ आहे. ती माउली सध्या रोज संध्याकाळी विहारात येऊन बसते, एकेका वर्षाचे पीक, पाऊस आणि लग्नकार्य आठवून रक्कम सांगते, आणि माझी चुलतबहीण ते लिहून घेते. २०११ पर्यंत आले आहे.